बारमाही तलाव आणि पावसाळी डबकं: बेडकांच्या लेखी दोन्ही एक नव्हेत

मुंबईत पाणथळ जागांचा विषय निघाला की डोळ्यांपुढे येतात ठाणे खाडीतले फ्लेमिंगो, नाहीतर पवईसारखा मोठा तलाव. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही ओळख, मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट. पण प्रश्न बेडकांचा असेल तर खाडी बाजूला ठेवावी लागते. बेडकाच्या कातडीतून पाणी आरपार जातं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याचं अंग सुकत जातं आणि अंडीही टिकत नाहीत. उरलं गोडं पाणी, आणि त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, बारा महिने भरलेला तलाव. दुसरी, जूनमध्ये साचून दिवाळीच्या आगेमागे आटणारी डबकी, सखल माळ आणि भातखाचरं. जमिनीचा वापर बदलताना पहिली वाचते आणि दुसरी बुजते, आणि आपण म्हणतो पाणथळ जागा राखली.

पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर रात्री आरेच्या बाजूला एखाद्या पाणी भरलेल्या माळावर टॉर्च मारून पाहा. एरवी मातकट हिरवा असणारा बुलफ्रॉगचा नर त्या दिवसांत पिवळाजर्द होतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून तो ओरडत असतो. तिथेच गवतात दोन-अडीच सेंटिमीटरचा मायक्रोहायला नावाचा इवलासा बेडूक बसलेला असतो. आवाज एवढा मोठा की बेडूक सापडेपर्यंत तो इतका लहान असेल यावर विश्वास बसत नाही. हे सगळे त्या उथळ पाण्यावर का येतात? कारण तिथे मासे नसतात. दरवर्षी आटणाऱ्या पाण्यात मासा टिकत नाही, म्हणून अंडी आणि भैकेर, म्हणजे बेडकांची शेपटीवाली पिल्लं, वाचतात. बदल्यात घाई करावी लागते. पाणी आटायच्या आत, महिना-दीड महिन्यात, पाय फुटून बाहेर पडायचं. आटणं हा डबक्याचा दोष समजून लोक डबकं खोल करून बारमाही करायला निघतात, तेव्हा नेमकं हेच हरवतं.

तलावात उलट. चिलापी (तिलापिया मासा) पाण्यात आली की अंडी-पिल्लांची धडगत नसते. डासांसाठी सोडलेले गंबुसिया मासेही भैकेरांच्या शेपट्या कुरतडतात. अशा ठिकाणी टिकणारे बेडूक मोजकेच. एक, पाण्यावर डोळे काढून तरंगणारा आणि चाहूल लागताच पृष्ठभागावरून टपटप उड्या मारत पळणारा, गढूळ गटारातही राहणारा बेडूक. दुसरा, अंगावर चामखिळी असलेला भेक, जो अंड्यांच्या लांब माळा जवळपास कुठेही सोडतो. म्हणून तलावाकाठी रात्री भरपूर डराव-डराव ऐकू आलं तरी हुरळून जायचं नाही. बेडकांची संख्या आणि बेडकांच्या जाती, ही मोजमापं वेगळी आहेत. जमीन बदलली की बहुतेकदा आधी जाती कमी होतात, आणि उरलेल्या दोन-तीन जातींचा गलबला तेवढाच राहतो. हे नुकसान कानाला कळत नाही, म्हणून मला ते अधिक काळजीचं वाटतं.

पाण्याइतकाच काठही महत्त्वाचा. बहुतेक बेडूक वर्षाचा मोठा काळ पाण्याबाहेर काढतात. बुलफ्रॉग कोरड्या दिवसांत जमिनीत पुरून घेतो. झाडावरचा बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं लावतो, पिल्लं थेट खाली पाण्यात पडतात. काठाला उभं दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) केलं, झाडं छाटली, भोवती पेव्हर ब्लॉक आणि दिवे लावले, की पाण्याचा एक थेंबही कमी न होता बेडकांचं निम्मं घर जातं. नुकताच पाय फुटलेला बेडूक उभ्या गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाही. काठाची ही लढाई मुंबईत कोर्टापर्यंत गेली आहे. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवून तो काढायला सांगितला.

भातखाचरांना मात्र अशी ढाल नाही. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत तात्पुरत्या साचणाऱ्या पाण्यालाही पाणथळ म्हटलंय, पण भातशेती त्यातून वगळली आहे. गोराई, मनोरी, उत्तन, वसई इथल्या खाचरांत पावसाळ्यात घोटाभर पाणी असतं, शेजारी बांध असतो, बांधावर गवत. बेडकांना हवं ते सगळं, फक्त फवारणी कमी असली पाहिजे. खाचर पडीक टाकलं, मग डेब्रिज पडलं, मग प्लॉट झाला. यात पाणथळ जागा गेल्याची नोंद कुठेच होत नाही.

डासांची भीती खरी आहे, ती उडवून लावता येणार नाही. पण डेंग्यूचा डास मुख्यत्वे ड्रम, टायर, कुंड्यांखालच्या बशा अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. माळावरच्या जित्या डबक्यात चतुरांच्या अळ्या असतात, पाणकिडे असतात, आणि बुलफ्रॉगची पिल्लं मांसाहारी असून डासांच्या अळ्याही खातात. बांधकामाच्या साइटवरचं सिमेंटचं टाकं आणि हे डबकं एकाच यादीत टाकणं चूक आहे.

त्यामुळे एखाद्या प्रकल्पाच्या सुनावणीत "उभयचरांच्या दोनच जाती आढळल्या" असं वाचलंत, तर आधी पाहणीचा महिना आणि वेळ विचारा. फेब्रुवारीत दुपारी तलावाकाठी फिरलं तर दोनच दिसणार, कारण बाकीचे जमिनीखाली असतात. पाहणी जून-जुलैत, पावसानंतर, रात्री आणि कोरड्या दिसणाऱ्या सखल जागांवर व्हायला हवी. तशी झाली नसेल तर ती पुन्हा करा, असं लेखी मागा.