एसटी घाट चढते, मग रेल्वे का नाही?

अर्थसंकल्प जवळ आला की प्रस्तावित कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेचा विषय चहाच्या गाड्यावर निघतोच. परवा भाच्यानं विचारलं, "मामा, गगनबावड्यावरनं एसटी रोज कोकणात जाते-येते, मग रेल्वेला काय धाड भरलीय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर गाळपाच्या हंगामात उसाच्या फडात बघायला मिळतं.

भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ओल्या वाटेवर अडकतो. इंजिन गुरगुरतं, पण मागचं चाक जाग्यावरच फिरतं. ताकद भरपूर आहे, पकड नाही. मग कुणीतरी चाकाखाली पाचट नाहीतर मुरूम टाकतं आणि ट्रॅक्टर निघतो.

रेल्वेचं दुखणं नेमकं हेच. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ती जागा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी. चाक जवळजवळ दबतच नाही, म्हणून सपाटीवर 1000 टनांची गाडी चालती ठेवायला 2-3 टनांची ओढ पुरते. रबरी टायरवर तेवढंच ओझं न्यायला याच्या कितीतरी पट ओढ लागते. रेल्वे स्वस्त पडते ती यामुळे.

आता तीच गाडी 1:37 च्या चढाला लावा, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर. निव्वळ वजनाचाच मागे खेचणारा भाग 27 टन होतो. सपाटीवरची ओढ मिळवली की 30. इंजिनाचं वजन 120 टन आणि कोरड्या रुळावर घर्षणांक (इंजिनाच्या वजनाचा किती भाग ओढ म्हणून वापरता येतो, तो आकडा) 0.3 धरला, तर चाक घसरण्याआधी जास्तीत जास्त 36 टनांची ओढ मिळते. कसंबसं भागलं. पण रूळ दमट होऊन घर्षणांक 0.15 वर आला की हातात उरतात 18 टन. इंजिन कितीही अश्वशक्तीचं आणा, चाक गरगर फिरणार.

यातही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे धो-धो पावसापेक्षा भुरभुर जास्त वाईट. मोठी सर रूळ धुऊन काढते. भुरभुरीत गंज, धूळ आणि पाणी यांचा बुळबुळीत लेप बसतो. त्यावर उपाय फडातलाच. इंजिनात वाळूच्या पेट्या असतात आणि नळीतून चाकापुढे वाळू सोडली जाते. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की घर्षणांक वाढतो तो वाळूनं.

बोरघाटात हाच 1:37 चा चढ आहे. म्हणून मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात. गाडीचं वजन फारसं वाढत नाही, पकड धरणारी चाकं वाढतात.

आपल्याकडे घाटमाथा आणि तळकोकण यांच्या उंचीत 500 मीटरांहून जास्त फरक आहे. 500 च धरा. रबरी टायरची रस्त्यावर पकड चांगली, म्हणून एसटीच्या रस्त्याला 1:20 चा चढ चालतो, 10 किलोमीटरमध्ये काम भागतं. रेल्वेला 1:37 नं साडेअठरा किलोमीटर लागतात, 1:100 नं 50. कोकण रेल्वेसारखा 1:150 चा सौम्य चढ हवा असेल, तर 75. सह्याद्रीचा कडा मात्र काही किलोमीटरमध्येच खाली कोसळतो. त्यामुळे ही लांबी डोंगराच्या पोटातून, बोगदे आणि वळणं घेत काढावी लागते. नकाशावर सरळ रेघ मारून "दीड तासात कोकण" म्हणणाऱ्या मेसेजमध्ये हा हिशेब नसतो.

तोवर कोल्हापूरहून रत्नागिरीला रेल्वेनं जायचं, तर पनवेलकडून नाहीतर लोंढा-मडगावकडून वळसा. लोंढ्याच्या वाटेवर कॅसलरॉकखालीही चढ तोच, 1:37.