कानाला एक, कागदावर दोन

आर-ओ-एस-ई म्हणजे गुलाब, आर-ओ-डब्ल्यू-एस म्हणजे रांगा. इंग्रजीत उच्चार दोन्हींचा सारखाच. १९८७ मध्ये गाय व्हॅन ऑर्डन या मानसशास्त्रज्ञाने लोकांना शब्द दाखवून विचारलं, हे फूल आहे का? रांगांचा शब्द दिसला तरी काही वेळा उत्तर 'हो' आलं. डब्ल्यूच्या जागी बी टाकला, म्हणजे दिसण्यातलं साम्य राहिलं पण उच्चार बदलला, तेव्हा फसणं बरंच कमी झालं. मनातल्या मनात वाचतानाही शब्दाचा आवाज उमटतो आणि तो अर्थाची दिशा चुकवतो. स्पेलिंग पाठ असूनही भलताच शब्द टाइप होतो, त्यामागेही हाच आवाज असतो. साधा स्पेलचेकर इथे गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत.

म्हणून आधी पाहायचं, उच्चार खरंच एक आहे का? ढिल्या कपड्याला आणि हरवण्याला आपण सरसकट 'लूज' म्हणतो. पण ढिला तो 'लूस', त्यात ओ दोन. हरवणं ते 'लूझ', ओ एकच. सल्ला 'अ‍ॅडव्हाइस', सी घालून. सल्ला देणं 'अ‍ॅडव्हाइझ', एस घालून. उच्चार सुधारला की या जोड्या सुटतात. (दिन-दीन, पिक-पीक यांत आपलंही असंच होतं.)

उच्चार खरोखर एकच असेल, तर शब्दाचं गणगोत शोधावं. वह्या-पेनं विकणारा तो स्टेशनर, शेवटी ई-आर. म्हणून त्याच्या मालातही, म्हणजे 'स्टेशनरी'तही, ई. 'जागचं न हलणारं' या अर्थाच्या स्टेशनरीत तिथे ए. 'पूरक' या अर्थाचा कॉम्प्लिमेंट कम्प्लीटचा भाऊ, त्यामुळे मध्ये ई. कौतुकाच्या शब्दात आय. प्रिन्सिपलला तर मराठीच उपयोगी पडते: प्राचार्य, मुद्दल, मुख्य कारण, जिथे 'मुख्य'पणा आहे तिथे शेवट ए-एल. तत्त्व असेल तर एल-ई.

अफेक्ट-इफेक्टला गणगोत कामाचं नाही, व्याकरण लागतं. परिणाम करणं हे क्रियापद ए-ने सुरू होतं, परिणाम हे नाम ई-ने. अपवादही आहेत: 'घडवून आणणं' या अर्थी ई-वालाही क्रियापद होतो.

लिहून झालं की नेहमी चुकणाऱ्या तीन-चार जोड्या 'फाइंड'मध्ये टाकून एकेक तपासाव्यात. सलग वाचून त्या सापडत नाहीत. तोच आवाज पुन्हा फसवतो.