२०३५ : हिमालयाच्या बर्फाला चिकटलेल्या एका तारखेची पार्श्वभूमी

हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे विधान एकेकाळी वर्तमानपत्रांत, व्याख्यानांत आणि शालेय प्रकल्पांत सर्रास आढळत असे. ते चुकीचे होते आणि २०१० च्या जानेवारीत ते अधिकृतपणे मागेही घेतले गेले. तापमानवाढीचे परिणाम सामान्य माणसापर्यंत कसे पोहोचवावेत, यावर भारतात आज जी चर्चा होते तिच्यावर या प्रकरणाची सावली अजूनही आहे. म्हणून ते मुळापासून पाहणे उपयुक्त ठरते.

१९९० च्या दशकात हिमालयातील हिमनद्यांविषयी प्रत्यक्ष मोजणी फारच तुरळक होती. उंची, सीमाभागातील निर्बंध आणि निधीची चणचण यांमुळे बहुतेक ठिकाणी नोंद असे ती हिमनदीचे मुख, म्हणजे तिचे खालचे टोक, किती मागे सरकले एवढीच. १९९९ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील हिमनदीतज्ज्ञ सय्यद इकबाल हसनैन यांच्या हवाल्याने, मध्य व पूर्व हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील, असे ‘न्यू सायंटिस्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकात छापून आले. त्याच सुमारास दिल्लीच्या ‘डाउन टु अर्थ’ या पाक्षिकातही हेच वर्ष आले. यामागे कोणताही प्रसिद्ध झालेला शोधनिबंध नव्हता, आणि तो केवळ एक अंदाज होता हे पुढे हसनैन यांनीही सांगितले. २००५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या अहवालाने ते वर्ष उचलले आणि २००७ मध्ये तो अहवाल आधार म्हणून देऊन संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, चौथ्या मूल्यांकन अहवालातील आशियाविषयक प्रकरणात ते दाखल झाले. पत्रकाराने घेतलेली मुलाखत अशा रीतीने आठ वर्षांत जगातील सर्वांत प्रतिष्ठित हवामान अहवालाचा भाग बनली.

आयपीसीसीच्या अहवालातील त्या परिच्छेदात डोकावले तर गोंधळ एका वर्षापुरता नव्हता हे ध्यानात येते. पहिल्या वाक्यात हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता वर्तवली आहे. पुढच्याच वाक्यात त्यांचे क्षेत्रफळ त्याच वर्षापर्यंत ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल, असे म्हटले आहे. जे नाहीसे होणार त्याचे १ लाख चौरस किलोमीटर उरणार कसे, हा प्रश्न मसुदा तपासणाऱ्या एका तज्ज्ञाने विचारलाही होता. शिवाय हिमालय आणि काराकोरम मिळूनही हिमनद्यांचे क्षेत्र साधारण ४० हजार चौरस किलोमीटर भरते. ५ लाखांचा आकडा आला होता रशियन हिमनदीशास्त्रज्ञ व्लादिमीर कोत्ल्याकोव्ह यांनी संपादित केलेल्या, युनेस्कोने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून. तो ध्रुवप्रदेश वगळून साऱ्या जगातील हिमनद्यांचा होता आणि तेथे दिलेले वर्ष होते २३५०.

त्याच प्रकरणातील तक्त्यात कुमाऊंमधील पिंडारी हिमनदी १८४५ ते १९६६ या काळात २,८४० मीटर मागे हटल्याची नोंद आहे आणि समोर वार्षिक वेग १३५.२ मीटर असा दिला आहे. १८४५ ते १९६६ म्हणजे १२१ वर्षे. भागाकार केला तर उत्तर साडेतेवीस मीटरच्या आसपास येते. १३५.२ हा आकडा २,८४० ला २१ ने भागल्यावर मिळतो. भागाकारात शतक गळून पडले आणि ते कोणाच्याही नजरेस आले नाही. मला २०३५ पेक्षा ही चूक अधिक बोलकी वाटते, कारण ती पकडायला हिमनदीशास्त्राची नव्हे, शाळेतल्या गणिताची गरज होती.

इतक्या चाळण्यांतून हे सुटले कसे? अहवालाच्या पहिल्या, म्हणजे भौतिक विज्ञानाच्या खंडात बर्फ व हिमनद्यांवर वेगळे प्रकरण होते आणि त्यात हा दावा नव्हता. तो होता परिणामांची चर्चा करणाऱ्या दुसऱ्या खंडात. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकचे हिमनदीशास्त्रज्ञ गेओर्ग काझर यांनी २००६ मध्येच आपण या चुकीकडे लक्ष वेधले होते, असे नंतर सांगितले. धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशात हे वर्ष आले नव्हते, हेही नोंदवायला हवे. पण लोकांपर्यंत पोहोचले ते नेमके हेच. ‘अमुक परिस्थितीत, अमुक खोऱ्यांत, शतकाच्या अखेरीपर्यंत मोठी घट’ हे वाक्य मथळ्यात बसत नाही, २०३५ बसते.

२००९ च्या नोव्हेंबरमध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांचा चर्चानिबंध प्रसिद्ध केला. हिमालयातील हिमनद्या तापमानवाढीमुळे असाधारण वेगाने मागे हटत आहेत असे म्हणणे घाईचे ठरेल, असा त्याचा निष्कर्ष होता. तत्कालीन मंत्री जयराम रमेश त्याच्या पाठीशी उभे राहिले, तर आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची संभावना ‘वूडू सायन्स’ (जादूटोण्याचे विज्ञान) अशी केली आणि त्याचे तज्ज्ञ-परीक्षण झालेले नसल्याचा आक्षेप घेतला. आक्षेप खरा होता. मात्र २०३५ च्या मूळ स्रोताचेही परीक्षण झालेले नव्हते. दोन्ही बाजू कच्च्या कागदावर उभ्या होत्या. रैनांचा निबंध मुख्यतः मुखाच्या हालचालीवर विसंबून होता, आणि मुख जागच्या जागी असतानाही वरचा बर्फ पातळ होत जाऊ शकतो, ही त्याची मर्यादा त्या गदारोळात झाकली गेली.

कॅनडातील ट्रेंट विद्यापीठाचे ग्रॅहम कॉग्ली यांनी दुवे मागे शोधत १९९९ पर्यंत जाऊन पोहोचल्यावर चित्र स्पष्ट झाले. २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीने खेदाचे निवेदन काढले. कोपनहेगनची जागतिक हवामान परिषद नुकतीच फसली होती, ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञांच्या चोरलेल्या ईमेलचा वादही पेटलेला होता. त्यामुळे एका परिच्छेदातील चूक संपूर्ण हवामानविज्ञान खोटे असल्याचा पुरावा म्हणून जगभर फिरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतर-अकादमी परिषदेने (देशोदेशींच्या विज्ञान अकादमींच्या संघटनेने) आयपीसीसीच्या कार्यपद्धतीचा आढावा घेतला आणि परीक्षकांच्या सूचनांची नीट दखल घेण्याची व परीक्षण न झालेले साहित्य वापरताना काटेकोर राहण्याची शिफारस केली.

यानंतरची बरीच मेहनत मोजणीवर गेली. लाहौल-स्पीतीतील छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून वस्तुमानाचा ताळेबंद, म्हणजे किती बर्फ साचला आणि किती वितळला याचा हिशेब, मांडला जात आहे. बर्फात वाफेच्या ड्रिलने खोल भोके पाडून बांबू रोवायचे आणि दरवर्षी त्यांची उघडी पडलेली लांबी मोजायची, असे हे कष्टाचे काम आहे. गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये स्पीतीत चार हजार मीटरहून अधिक उंचीवर ‘हिमांश’ हे केंद्र उभारले. उपग्रहांनी उरलेला नकाशा भरला. काठमांडूच्या इसिमोड या पर्वतीय विकासावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये मांडले की, तापमानवाढ दीड अंशांवर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातील सुमारे एकतृतीयांश हिमनद्यांचा बर्फ शतकाअखेरपर्यंत जाईल. २०२३ मध्ये तिनेच नोंदवले की, २०११ ते २०२० या दशकात बर्फ घटण्याचा वेग आधीच्या दशकाच्या तुलनेत ६५ टक्क्यांनी वाढला. आता तारखेऐवजी ‘इतकी वाढ झाली तर इतकी घट’ अशी मांडणी केली जाते. ती बरोबर आहे, पण लक्षात राहायला कठीण आहे, हे मान्य करावे लागते.

नद्यांबाबतची मांडणीही बदलली. ‘हिमनद्या संपल्या की गंगा आटेल’ हा जुना इशारा सरसकट होता. गंगेच्या खालच्या प्रवाहात पावसाळ्याचा वाटा फार मोठा आहे. सिंधू खोरे मात्र वितळणाऱ्या बर्फावर कितीतरी अधिक अवलंबून आहे. शिवाय वितळण्यामुळे काही दशके पाणी आधी वाढते आणि मग घटते. आज नदीला पाणी पाहणाऱ्या शेतकऱ्याला पुढची घट पटवून देणे त्यामुळेच अवघड जाते.

दरम्यान आपत्तींनी या विषयाला वेगळे वळण दिले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोलीत पूर आला तेव्हा हिमनदी फुटल्याच्या बातम्या आल्या. पुढील अभ्यासातून रोंती शिखराच्या उतारावरील प्रचंड खडक आणि बर्फ एकत्र कोसळल्याचे निष्पन्न झाले, ज्यात खडकाचा वाटा सुमारे ८० टक्के होता. दोनशेहून अधिक माणसे दगावली वा बेपत्ता झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमनदीसरोवर फुटले आणि चुंगथांग येथील तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. या सरोवराच्या धोक्याची चर्चा शोधनिबंधांत अनेक वर्षे होत होती, आणि पूर्वसूचना यंत्रणेचा पहिला टप्पा म्हणून तेथे कॅमेरा व हवामान केंद्र जेमतेम महिनाभर आधी बसवले गेले होते. भोंग्यांपर्यंतची साखळी अजून जोडायची होती. २०२४ मध्ये केंद्र सरकारने अरुणाचल प्रदेश, सिक्कीम, उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशासाठी १५० कोटी रुपयांचा हिमनदीसरोवर-फुटी जोखीम निवारण कार्यक्रम मंजूर केला असून, खालच्या गावांना वेळेत इशारा मिळावा अशी यंत्रणा उभारणे हा त्याचा एक भाग आहे.