मिस्त्रीच्या नाकाजवळची हवा

आमच्या इमारतीसमोर टॉवर उभा राहतोय. भोवती पत्र्याची उंच भिंत आणि फाटकाशी हवेचा दर्जा सांगणारा फलक. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली. तिच्यात 35 फुटी पत्रे होते, पाण्याचे फवारे होते, सेन्सरही होते. नियम चांगलेच आहेत, पण ते मुख्यतः शेजाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासाठी आहेत. पत्र्याच्या आत उकिडवं बसून मार्बल कटरने ओट्याचा ग्रॅनाइट कापणाऱ्या मिस्त्रीचं नाक त्या फलकापासून शंभर पावलं लांब असतं आणि ब्लेडपासून दीड हातावर. फलक ‘समाधानकारक’ म्हणत असताना त्याच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

हा घोळ जुना आहे. पूर्वी कारखान्यातली हवा तपासायची तर भिंतीशी एक यंत्र ठेवून देत. 1960 मध्ये इंग्लंडच्या हार्वेल अणुसंशोधन केंद्रात शेरवूड आणि त्यांच्या सहकाऱ्याने बॅटरीवर चालणारा छोटा पंप थेट कामगाराच्या अंगावर बांधला. खोलीतल्या यंत्रापेक्षा अंगावरच्या यंत्रात कितीतरी जास्त कण सापडू लागले. धूळ खोलीभर सारखी पसरत नाही. काम करणारे हातच ती उडवतात, आणि नाक त्या हातांच्या वरच असतं. म्हणून आज पंप कमरेला असतो आणि नळीचं तोंड कॉलरला, नाकातोंडापासून तीसेक सेंटिमीटरच्या आत.

पण कॉलरजवळ आलेली सगळी धूळ मोजून उपयोग नाही. खळ्यावर धान्य उफणताना दाणा खाली पडतो आणि भुसा वाऱ्याबरोबर जातो. आपल्या नाकाघशात रोज अशीच उफणणी चालते. श्वासाची हवा नाकात वळते, घशात वळते, पुढे श्वासनलिकेला वीसहून अधिक वेळा फाटे फुटतात. जड कणाला हे वळण जमत नाही. तो ओल्या भिंतीवर आपटतो, चिकटतो आणि कफातून बाहेर पडतो. साधारण चार मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचे कण मात्र हवेबरोबर वळत वळत फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन धरा, म्हणजे डोळ्यांना दिसणारी धूळ ही आधीच बाद झालेली धूळ आहे. पापण्यांवर बसते ती तर त्यातल्या त्यात निरुपद्रवी.

ही उफणणी यंत्रात उतरवणारी वस्तू म्हणजे सायक्लोन, आणि तिच्यावर माझा फार जीव आहे. अंगठ्याएवढं नरसाळं, आत एकही हलता भाग नाही. हवा बाजूने शिरते आणि भोवऱ्यासारखी फिरते. जाड कण कडेला फेकले जाऊन तळाच्या टोपणात पडतात, बारीक कण मधून वर जाऊन फिल्टरवर बसतात. दहा मिलिमीटरच्या नायलॉन सायक्लोनमधून मिनिटाला 1.7 लिटर हवा ओढली की चार मायक्रॉनचे निम्मे कण अडतात, निम्मे जातात. वेग वाढला तर ही सीमा खाली सरकते आणि हवा आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते. म्हणून पाळीच्या आधी आणि नंतर पंपाचा वेग तपासावाच लागतो. आणखी एक मेख: हे ‘चार मायक्रॉन’ पट्टीने मोजलेले नाहीत. हवेत तितक्याच वेगाने खाली बसणाऱ्या पाण्याच्या थेंबाचा तो व्यास. दगडातल्या, फुप्फुसाला घातक क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकी सिलिकेची, घनता पाण्याच्या 2.65 पट, तिचं वर्गमूळ 1.63; म्हणजे प्रत्यक्षातला क्वार्ट्झचा कण अडीच मायक्रॉनचाच असतो.

आठ तासांत सायक्लोनमधून जाते 816 लिटर हवा. अमेरिकेची 2016 पासूनची मर्यादा आहे घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम स्फटिकी सिलिका. म्हणजे दिवसभरात फिल्टरवर 41 मायक्रोग्रॅम जमले की मर्यादा गाठली! मिठाच्या एका बारीक कणाचं वजन जवळपास एवढंच. आपल्याकडे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात सूत्र होतं: दहाला, क्वार्ट्झच्या टक्केवारीत दोन मिळवून भागायचं. फुप्फुसात पोचणाऱ्या बारीक धुळीत 30 टक्के क्वार्ट्झ असेल तर त्या धुळीची मर्यादा घनमीटरला 0.31 मिलिग्रॅम.

टक्केवारी क्ष-किरणांनी काढतात, कारण फाटकावरच्या सेन्सरला फक्त प्रकाशाचं विखुरणं कळतं, दगडाची जात कळत नाही. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात सिलिका निम्मी असते, पण ती इतर खनिजांत बांधलेली. मोकळं क्वार्ट्झ नगण्य. ग्रॅनाइटमध्ये ते चतुर्थांशाच्या आसपास किंवा जास्त. आणि सध्या फॅशनमध्ये असलेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांत 90 टक्क्यांहूनही अधिक असू शकतं. अशा दगडावर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून बंदी घातली. सिलिकेच्या धुळीने फुप्फुसं निकामी करणाऱ्या सिलिकोसिसवर औषध नाही.

साइटवर मात्र औषध म्हणून गूळ वाटतात. लखनौला उंदरांवर झालेला एक प्रयोग त्यासाठी पुढे केला जातो. त्यावरून माणसांबद्दल काही सिद्ध होत नाही, पण ठेकेदाराला गूळ स्वस्त पडतो.

आता गंमत बघा. घशाला चुकवून जाणारा कण पाण्याच्या मोठ्या थेंबालाही तसाच चुकवतो. हवा थेंबाला वळसा घालते, कणही तिच्यासोबत वळसा घालतो. म्हणून आवारात तोफेने उडवलेलं पाणी खरखरीत धूळ खाली बसवतं, बारीक बरीचशी तशीच राहते. तोंडाला बांधलेल्या रुमालाच्या धाग्यांनाही ती अशीच वळसा घालते. एन-95 मास्कचे धागे विद्युतभारित असतात, म्हणून तो तिला पकडतो. पण दाढीच्या फटीतून हवा शिरली की तेही गेलं.

तेव्हा धूळ उडायच्या आतच भिजली पाहिजे. पाण्याची धार ब्लेड दगडाला लागतं तिथेच सोडायची. मिस्त्री हे टाळतात ते आळसाने नव्हे, शॉकच्या भीतीने, आणि ती भीती खरी आहे. ओल्या कामासाठी बनवलेला कटर आणि लाइनवर ईएलसीबी (वीज गळली की लाइन बंद करणारा स्विच), ही सोय करणं ठेकेदाराचं काम. शिवाय कापून झाल्यावर जमिनीवर राहिलेला राखाडी चिखल ओला असतानाच उचलायला हवा. संध्याकाळी तो वाळतो, आणि सकाळी झाडू मारणारी बाई तो पुन्हा हवेत उडवते. तिच्या कॉलरला तर पंप कुणी लावतच नाही.