होडीच्या दिव्यासाठी रेझिस्टर नेण्याआधी

नारळी पौर्णिमा जवळ आली की आमच्या काउंटरवर एकच मागणी असते: "एक वॉटचे तीन एलईडी सिरीजमध्ये लावायचेत, बारा व्होल्टला बसेल असा रेझिस्टर द्या." सिरीज म्हणजे एकापाठोपाठ एक जोडणं; रेझिस्टर म्हणजे करंटला आवर घालणारा भाग, त्याचं माप ओहममध्ये. होड्या बाहेर पडल्या की त्यातलेच काही जण जळके एलईडी घेऊन परत येतात. माल खराब नसतो. चूक असते त्या 'बारा'मध्ये.

रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बॅटरीच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करायचे आणि करंटने भागायचं. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट, तिघांचे मिळून ९.६. करंट ०.३५ अँपिअर. बारातून ९.६ गेले, राहिले २.४; त्याला ०.३५ ने भागलं की जवळपास ६.८ ओहम. कागदावर बरोबर.

पण लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असली की नुसती ठेवूनही १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग) चार्ज करू लागला की ती १४.४ पर्यंत चढते. आता रेझिस्टरवर २.४ नाही, ४.८ व्होल्ट पडतात. ओहम तेवढेच, करंट मात्र दुप्पट, ०.७ अँपिअर. प्रत्यक्षात एलईडीचे व्होल्टही किंचित वाढतात, त्यामुळे थोडा कमी भरेल. पण एलईडी जाळायला तेवढा पुरतो. परत आलेल्या एका जोडणीत १ वॉटच्या रेझिस्टरचे रंगीत पट्टे ओळखू येत नव्हते, स्लीव्ह वितळून वायरला चिकटली होती, आणि मधल्या एलईडीच्या पिवळ्या ठिपक्यात काळा डाग पडला होता. लाकडी केबिन, शेजारी डिझेल. आम्हाला याची खरंच धास्ती वाटते.

म्हणून हिशेब १४.४ धरून करा. ४.८ भागिले ०.३५, म्हणजे १३.७, बाजारात मिळणारा त्यावरचा आकडा १५ ओहम. करंट ०.३२ वर राहतो आणि रेझिस्टरमध्ये दीड वॉट उष्णता होते. त्याला आम्ही ५ वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर देतो. "२ वॉटचा चालला असता की," असं बरेच जण म्हणतात. चालतो, पण चटका बसेल इतका तापतो, आणि पाणी जाऊ नये म्हणून बंद केलेल्या डब्यात हवा खेळत नाही. थोडे पैसे जास्त जातात, ते आम्ही मुद्दाम घ्यायला लावतो.

इंजिन बंद केल्यावर या जोडणीत उजेड बराच उतरतो, हे आधीच सांगतो. जाळं निवडताना एकसारखा उजेड हवा असेल तर रेझिस्टर सोडा, तीन एलईडींचा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे व्होल्ट बदलले तरी करंट एकसारखा ठेवणारा सर्किट, घ्या. तो आमच्याकडे कायम असतो, आणि होडीवर आम्ही तोच सुचवतो. वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं.

येताना एवढं करा: मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू असताना थोडी रेस देऊन बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा आणि आकडा लिहून आणा. एलईडी किती आणि किती वॉटचे, तेही लिहा. बाकीचा हिशेब काउंटरवर तुमच्यासमोर करून देऊ.