पुरस्काराला दिलेले नाव आणि ते बदलण्याचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या काव्यपुरस्कार निवड समितीत मी होतो. गावातल्याच एका दिवंगत कवीच्या नावाने हा पुरस्कार दरवर्षी दिला जातो. त्या वर्षी आम्ही एकमताने धडगावकडच्या एका तरुण पावरा आदिवासी कवयित्रीचा संग्रह निवडला. आठ दिवसांनी तिचे पत्र आले. पत्र चार ओळींचे होते आणि सोबत त्या दिवंगत कवीच्या एका जुन्या कवितेची झेरॉक्स जोडलेली होती. सातपुड्यातून मोळ्या घेऊन बाजाराला उतरणाऱ्या बायकांचे वर्णन करणाऱ्या ओळींखाली तिने निळ्या शाईने रेघ मारली होती. त्या बायकांची तुलना कवीने गुरांशी केली होती, आणि तीही कौतुकाच्या सुरात. आपली आजी अशीच मोळी घेऊन उतरत असे, त्यामुळे या नावाचा पुरस्कार आपल्याला घेता येणार नाही, एवढेच तिने कळवले होते. ती कविता आम्ही सगळ्यांनी शाळेत असताना वाचली होती. त्या ओळी आमच्यापैकी एकालाही खटकल्या नव्हत्या, याची मला आजही लाज वाटते.

बैठकीत दोन बाजू पडल्या आणि त्या वर्षी पुरस्कार कोणालाच दिला गेला नाही. वादग्रस्त ठरलेल्या दिवंगत कलावंताचे नाव पुरस्कारावर ठेवावे की काढावे, हा प्रश्न जगात इतरत्र कसा उभा राहिला आणि कसा सोडवला गेला, याचा शोध मी त्यानंतर घेतला. त्यातून जे हाती आले, ते इथे मांडतो आहे.

मुळात ही नावे पुरस्कारांना कशी लागतात, हे आधी पाहायला हवे. आपल्याकडच्या लहान संस्थांत बहुतेक वेळा कलावंताच्या निधनानंतर घरचे लोक किंवा चाहते एक रक्कम संस्थेकडे देतात, ती बँकेत कायम ठेव म्हणून ठेवली जाते आणि तिच्या व्याजातून पुरस्कार, मानपत्र व शाल-श्रीफळ यांचा खर्च भागतो. देणगीच्या अटीत नाव लिहिलेले असते आणि संस्थेचा ठरावही त्याच नावाने होतो. म्हणजे नाव हे गुणवत्तेच्या मूल्यमापनातून आलेले असतेच असे नाही. ते बऱ्याचदा प्रेमातून, ऋणातून आणि ठेवीच्या पावतीतून आलेले असते. यात काही वावगे नाही. पण म्हणूनच नाव बदलण्याचा प्रश्न निघाला की तो साहित्याचा न राहता कुटुंबाच्या मानापमानाचा होतो. खानदेश याबाबतीत भाग्यवान म्हणायला हवा. बहिणाबाई आणि बालकवी ही आपली नावे अशी आहेत की ती कुठेही लावताना कोणाला दचकावे लागत नाही. २०१८ साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले गेले तेव्हा संपूर्ण खानदेशाला ते आपले वाटले. प्रत्येक नावाचे मात्र असे होत नाही.

आमच्या कवयित्रीच्या पत्राशी सर्वांत जवळचे उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या बालसाहित्य विभागाने १९५४ साली लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार त्यांनाच दिला. वसाहत करणाऱ्या गोऱ्या कुटुंबाच्या आठवणी सांगणाऱ्या त्यांच्या पुस्तकांतली मूलनिवासींची व कृष्णवर्णीयांची चित्रणे अवमानकारक असल्याची तक्रार पुढे वाढत गेली आणि २०१८ च्या जूनमध्ये पुरस्काराचे नाव बदलून ‘बालसाहित्य वारसा पुरस्कार’ अशा अर्थाचे केले गेले. विशेष हे की तक्रार पुरस्काराहूनही जुनी होती. त्या प्रदेशात माणसे नव्हती, फक्त इंडियन (म्हणजे तिथले मूलनिवासी) होते, अशा अर्थाचे त्यांच्या एका पुस्तकातले वाक्य एका वाचकाच्या पत्रानंतर १९५३ च्या आवृत्तीत दुरुस्त करण्यात आले होते. ज्यांना माणसांत धरले नव्हते त्यांच्या बाजूने बोलणारे कोणीतरी तेव्हाही होते, ही गोष्ट ‘तो काळच तसा होता’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. पुस्तके मात्र कुठेही गेली नाहीत. ती आजही वाचली जातात.

अद्भुतकथांसाठीच्या जागतिक पुरस्काराचा किस्सा मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने जवळचा वाटेल. १९७५ पासून या पुरस्काराचे सन्मानचिन्ह म्हणजे भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांचा छोटा अर्धपुतळा होता. २०११ साली नायजेरियन वंशाच्या लेखिका नेडी ओकोराफोर यांना तो मिळाला आणि त्यानंतर लव्हक्राफ्ट यांनी कृष्णवर्णीयांवर लिहिलेली अत्यंत हीन कविता त्यांच्या वाचनात आली. आपल्या घरात, आपल्या सर्वांत मोठ्या सन्मानाच्या रूपात या माणसाचे शिर ठेवायचे कसे, हा त्यांचा पेच होता. पुढे लेखकांनी सह्यांची मोहीम काढली आणि २०१५ साली तो पुतळा देणे बंद झाले. काही काळाने त्याची जागा झाड आणि चंद्र असलेल्या शिल्पाने घेतली. या निर्णयाच्या निषेधार्थ लव्हक्राफ्टचे थोर अभ्यासक एस. टी. जोशी यांनी आपल्याला पूर्वी मिळालेले दोन पुरस्कार परत केले. हे सुनंद त्र्यंबक जोशी मूळचे पुण्यात जन्मलेले. एका लेखकाच्या संशोधनाला आयुष्य वाहिलेल्या माणसाला तो निर्णय अन्यायाचा वाटला, हे मला समजते. पण पुतळा घरी न्यायचा होता तो ओकोराफोर यांना.

विज्ञानकथेतल्या नवोदित लेखकाचा पुरस्कार संपादक जॉन कॅम्पबेल यांच्या नावाने १९७३ पासून दिला जात असे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये डब्लिन इथे तो स्वीकारताना जेनेट इंग यांनी व्यासपीठावरूनच कॅम्पबेल यांना फॅसिस्ट म्हटले, आणि दहा दिवसांच्या आत प्रायोजक प्रकाशनसंस्थेने नाव बदलले. इतकी वर्षे सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट पुरस्कार घेणारीने उच्चारली, तेव्हाच ती ऐकली गेली.

सर्वांत अवघड प्रकरण मला जेम्स टिपट्री ज्युनियर पुरस्काराचे वाटते. टिपट्री हे पुरुषी टोपणनाव. त्यामागे ॲलिस शेल्डन ही लेखिका होती. लिंगभावाविषयीच्या कल्पना विस्तारणाऱ्या विज्ञानकथांसाठी १९९१ साली हा पुरस्कार काढताना कार्यकर्त्यांनी घरी केलेले केक आणि बिस्किटे विकून पैसे उभे केले होते. १९८७ साली शेल्डन यांनी वयोवृद्ध, जवळजवळ अंध झालेल्या पतीला गोळी घातली आणि मग स्वतःलाही संपवले. दोघांनी मिळून ठरवलेला तो शेवट होता, असे वर्षानुवर्षे मानले गेले. अपंगांच्या चळवळीतल्या लोकांनी मात्र विचारले की परावलंबी माणसाला त्याची काळजी घेणाऱ्याने मारले तर त्याला करार म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? संयोजकांनी २०१९ च्या सप्टेंबरात आधी नाव राखण्याचे ठरवले, मग लोकांचे म्हणणे पुन्हा ऐकले आणि ऑक्टोबरात नाव बदलले. शेल्डन यांच्या लेखनाविषयीचा आदर त्यांनी सोडला नाही, त्यांना खलनायिकाही ठरवले नाही. त्या खोलीत नेमके काय घडले याचा निवाडा करण्याचा आव न आणता, आपल्या पुरस्काराकडे पाहून कोणाला आपण नकोसे आहोत असे वाटते, एवढ्यापुरता त्यांनी निर्णय घेतला. आमच्या बैठकीत कोणी हे वाचलेले असते तर पुष्कळ कडवटपणा टळला असता.

पुराव्याचा मार्ग बर्लिन चित्रपट महोत्सवाने दाखवला. महोत्सवाचे पहिले संचालक आल्फ्रेड बाउर यांच्या नावाचा पुरस्कार १९८७ पासून दिला जात होता. नाझी राजवटीच्या चित्रपट यंत्रणेत त्यांचे स्थान समजले जाई त्याहून बरेच वरचे होते, असे २०२० च्या जानेवारीत एका जर्मन साप्ताहिकाने उघड केले. महोत्सवाने पुरस्कार लगेच स्थगित केला, स्वतंत्र इतिहाससंस्थेकडे तपास सोपवला आणि त्याचे निष्कर्ष हाती आल्यावर ते नाव कायमचे बाजूला ठेवले.

महाराष्ट्रातला इतिहास इतका शिस्तीचा नाही. उत्कृष्ट क्रीडा प्रशिक्षकाच्या राज्य पुरस्काराला असलेले दादोजी कोंडदेव यांचे नाव आंदोलनानंतर २००८ साली काढले गेले. दादोजी कलावंत नव्हते, पण पुरस्कारावरचे नाव हा आपल्याकडे रस्त्यावरच्या भांडणाचा विषय होऊ शकतो हे तेव्हा दिसले. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकरी यांचा पुतळा रातोरात उखडून मुठा नदीत टाकला गेला. कारण होते त्यांच्या अपूर्ण राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकातले संभाजी महाराजांचे चित्रण. त्या चित्रणावर आक्षेप घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि आक्षेपात तथ्यही आहे, पण अंधारात केलेल्या कृतीने चर्चा संपते. त्या रात्रीनंतर ‘राजसंन्यास’ कोणी पुन्हा उघडून वाचले, असे मला दिसले नाही.

आणखी एक सावधगिरी जळगावच्या एका आठवणीतून सुचते. बालगंधर्वांचे बालपण काही काळ जळगावात गेले आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी तिथेच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस गोहरबाई कर्नाटकी यांच्याशी जुळलेल्या नात्यावरून महाराष्ट्राने त्यांना किती बोल लावले, हे जुन्या लेखनातून वाचायला मिळते. त्या बोलण्यात कुटुंबाविषयीची कळकळ थोडी आणि गोहरबाईंच्या धर्माविषयीचा द्वेष अधिक होता. आज त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो आणि जळगावात त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव भरतो. तेव्हा कोणी हे नाव नाकारले असते, तर ते नाकारणेच आज आपल्याला वादग्रस्त वाटले असते. म्हणून दुसऱ्याला इजा केलेला माणूस आणि लोकांच्या संकेतांबाहेर जगलेला माणूस यांत फरक करायलाच हवा.

नाव आणि पुरस्कार घेणारा यांचा संबंध उलट बाजूनेही ताणला जातो. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाचा राज्याचा अनुवाद पुरस्कार डिसेंबर २०२२ मध्ये, माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेले कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झाला आणि काही दिवसांतच शासनाने तो रद्द करून निवड समितीही बरखास्त केली. विचारस्वातंत्र्यासाठी बोललेल्या माणसाचे नाव अशा निर्णयावर उमटले, याचे आम्हा खानदेशकरांना विशेष वाईट वाटले. चेन्नईमध्ये तर गायिका एम. एस. सुब्बलक्ष्मी यांच्या नावाचा पुरस्कार २०२४ साली गायक टी. एम. कृष्णा यांना देण्यावरून वाद न्यायालयात गेला, आणि आपल्या नावाने कोणताही न्यास वा स्मारक नको असे सुब्बलक्ष्मी यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते, ही बाब चर्चेत आली. मृत व्यक्तीची इच्छा हीसुद्धा विचारात घेण्याची एक गोष्ट आहे, आणि ती क्वचितच विचारली जाते.

आमच्या वाचनालयात पुरस्काराचा एक लाकडी फलक आहे. वर कवीचे नाव, खाली पांढऱ्या रंगात वर्षे आणि मानकऱ्यांची नावे. कवीच्या मुलीला भेटायला मी गेल्या पावसाळ्यात गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी ती झेरॉक्स चष्मा पुसून दोनदा वाचली, निळ्या रेघेवरून बोट फिरवले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अण्णांचं नाव काढलं तरी ठेव परत मागणार नाही, पण त्या पोरीला एकदा माझ्याकडे घेऊन या.” समितीपुढे आता माझा प्रस्ताव आहे: यापुढे पुरस्कार वाचनालयाच्या नावाने द्यावा, कवीचा संग्रह ती कविता न गाळता आणि तिच्यावरच्या टिपणासह पुन्हा छापावा, आणि फलकावरच्या जुन्या ओळींवर रंग न फिरवता त्यांच्याखाली नवे शीर्षक लिहावे. बैठक या महिन्याच्या अखेरीस आहे. धडगावला निरोप गेला आहे.