चालत नाही की चालू देत नाही?

आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या काकू गिरगावात शिकवणी घेतात. त्यांचा डेस्कटॉप २०१२ सालचा, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला. ‘विंडोज १० बंद झालं म्हणे. हा पीसी आता भंगारात काढायचा का रे?’ असं त्यांनी विचारलं, कारण एका दुकानदाराने त्यांना तेच सांगितलं होतं. मला ते पटलं नाही.

आधी ‘बंद झालं’ म्हणजे काय ते पाहू. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. संगणक सुरू होतो, सगळं उघडतं. पण एखादी नवी फट सापडली की ती पूर्वीसारखी आपोआप बुजत नाही. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे हे चालवून घेऊ नये.

मग विंडोज ११ का चढत नाही? ताकदीचा प्रश्न नाही. त्याला प्रोसेसरचे १ गिगाहर्ट्झचे २ कोअर (गणित करणारे भाग) आणि ४ जीबी रॅम पुरते. काकूंच्या इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरमध्ये ३.२ गिगाहर्ट्झचे ४ कोअर आहेत, रॅमही ४ जीबी आहे. घोडं अडतं ते विश्वासाच्या यंत्रणेवर. टीपीएम नावाची एक छोटी चिप (नव्या मशीनमध्ये बहुधा प्रोसेसरच्याच पोटात असते) माहिती कुलूपबंद करणाऱ्या डिजिटल किल्ल्या सांभाळते आणि सुरू होताना कोणकोणते प्रोग्रॅम चढले त्याची नोंद ठेवते. विंडोज ११ ला तिची २.० आवृत्ती हवी. शिवाय प्रोसेसर मंजूर यादीत हवा, आणि इंटेलची ती यादी थोडे अपवाद सोडले तर २०१७ च्या आठव्या पिढीपासून सुरू होते. यामागे तांत्रिक कारणही आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात परका कोड घुसू नये म्हणून विंडोज मेमरीवर जो पहारा ठेवतं, त्याला मदत करणारी सोय इंटेलने सातव्या पिढीपासून प्रोसेसरमध्येच दिली. त्याआधीच्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरने करावं लागतं, आणि वेग पडतो.

ही झाली ‘चालू देत नाही’ची गोष्ट. ‘चालत नाही’ हे प्रकरण वेगळं. प्रोग्रॅम प्रोसेसरला ज्या सूचना देतो त्यांत पॉपकाउंट नावाची एक सूचना आहे. दिलेल्या संख्येत १ किती आहेत एवढंच ती मोजते. १३ ही संख्या द्विमानात ११०१ अशी लिहितात, म्हणून उत्तर ३. काम किरकोळ, पण विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती ही सूचना वापरते आणि कोअर टू ड्युओसारख्या त्याहून जुन्या प्रोसेसरला ती ठाऊकच नाही. तिथे कुठलीही युक्ती चालत नाही, विंडोज सुरूच होत नाही. काकूंच्या प्रोसेसरला मात्र ती येते.

म्हणजे रुफससारख्या साधनाने तपासणी वगळणारा पेनड्राइव्ह बनवला असता, तर त्यांच्याकडे विंडोज ११ चढलं असतं. मी ते केलं नाही. अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती हाताने चढवावी लागते. ज्याला ही खटपट आवडते त्याने जरूर करावी. काकूंना प्रश्नपत्रिका काढायच्या असतात.

खरा अडथळा जुनी हार्ड डिस्क होती. तिची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्याआधी वाचणारा दांडा जागेवर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेल्या फाइली वाचताना सेकंदाला जेमतेम ऐंशी वाचनं होतात. एसएसडी माहिती चिपवर साठवते, तिच्यात फिरणारं काहीच नसल्यामुळे हाच आकडा हजारोंत जातो. बारा-तेरा वर्षांच्या मशीनवर एकच खर्च करायचा असेल तर इथे करा.

एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली. जुन्या कांडीच्या सोनेरी दातांवर मुंबईच्या दमट हवेने पुट चढलं होतं, ते खोडरबराने हलकेच घासून काढलं. मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. ती टीपीएम मागत नाही, अपडेट नियमित येतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक निवडला. फक्त काकूंच्या जुन्या प्रश्नपत्रिका अडल्या. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये ‘क’च्या जागी इंग्रजी अक्षराचा क्रमांकच साठवलेला असतो, त्यामुळे फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. विंडोजमधली फॉन्टची फाइल इकडे आणली आणि मजकूर परत मराठीत दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची हाक आली, ‘अरे, एकही वेबसाइट उघडत नाही.’ कोपऱ्यातली तारीख पाहिली तर १ जानेवारी २०१२. रात्री मेन स्विच बंद केला होता, आणि मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला होता. घड्याळ मागे गेल्यामुळे प्रत्येक वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला भविष्यातलं वाटत होतं. खालच्या घड्याळवाल्याकडून सेल आणून बसवला, तारीख लावली. सहावीच्या गणिताची प्रश्नपत्रिका तेवढ्यात प्रिंटरमधून बाहेर येत होती.